दासांचा दास : थोरल्या ग्रेगरीचा अधिकार आणि त्याचा हिशेब

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने चिठ्ठीवर एक प्रश्न लिहून दिला होता. वेळ संपल्यामुळे त्या दिवशी तो राहून गेला. प्रश्न असा : नम्र माणसाने मोठे पद स्वीकारावे की नाकारावे? स्वीकारले तर नम्रता टिकत नाही आणि नाकारले तर ते पद उद्धट माणसाच्या हाती जाते. मग करायचं काय?

प्रश्न फार चांगला आहे. आणि गंमत अशी की हाच प्रश्न ख्रिस्ती धर्मसभेच्या इतिहासात सोळाशे वर्षांपूर्वी अगदी उघडपणे विचारला गेला. त्यावर ग्रंथ लिहिले गेले. त्यांतला सर्वांत प्रभावी ग्रंथ ज्याने लिहिला, त्याला ते पद नको असताना घ्यावे लागले आणि चौदा वर्षे चालवावे लागले. त्याचे नाव पोप ग्रेगरी पहिला, म्हणजेच थोरला ग्रेगरी. आज आपण त्याच्याविषयी बोलणार आहोत. तो संत होता म्हणून नव्हे. त्याची साडेआठशेच्या आसपास पत्रे आज उपलब्ध आहेत, त्यामुळे तो नम्रतेबद्दल काय लिहीत होता आणि खुर्चीत बसून प्रत्यक्ष काय करत होता, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. अशी सोय इतिहासात फार थोड्या नेत्यांच्या बाबतीत मिळते.

आधी दोन शब्द बघू या. आपल्याकडचे मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोक आपल्या धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात. लॅटिनमधल्या ‘पास्टर’ या शब्दाचा हाच अर्थ, कळप राखणारा. दुसरा शब्द ग्रीक, ‘एपिस्कोपोस’. त्यावरूनच ‘बिशप’ हा शब्द आला. मराठी बायबलात त्यासाठी ‘अध्यक्ष’ हा शब्द योजला आहे. आज आपल्याला अध्यक्ष म्हटले की व्यासपीठावरची मधली खुर्ची आणि हार दिसतो. पण शब्द फोडून बघा : अधि आणि अक्ष. वरून डोळा ठेवणारा, देखरेख करणारा. ‘एपिस्कोपोस’चीही फोड नेमकी अशीच होते. म्हणजे या दोन्ही शब्दांत मान नाही, काम आहे. कळप दुसऱ्याचा आहे, आपण राखणदार आहोत, आणि संध्याकाळी मोजून द्यायचा आहे. ‘आध्यात्मिक जबाबदारी’ हा शब्द आपण फार ढगातला करून टाकला आहे. मुळात त्याचा अर्थ एवढा साधा आहे : सोपवलेल्या माणसांचा जाब द्यावा लागणे.

आता तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. प्राचीन ग्रीक जगात नम्रता हा सद्गुण नव्हता. ‘टापेइनोस’, म्हणजे खालचा, हलका, हा शब्द बहुतेक वेळा हिणवण्यासाठी वापरला जाई. अॅरिस्टॉटलचा आदर्श पुरुष आपली थोरवी ओळखतो आणि तिला साजेसा मान मागतो. लायकीपेक्षा कमी मागणे हा त्याच्या लेखी दोषच आहे. ख्रिस्ती परंपरेने हा शब्द उचलला आणि उलटा केला. पण उलटा केल्यावर एक अडचण उभी राहिली. चौथ्या शतकात रोमन सम्राटांनी ख्रिस्ती धर्माला आधी मान्यता आणि मग राजाश्रय दिला. बिशपाकडे जमिनी आल्या, न्यायनिवाडा आला, दरबारात जागा आली. खालच्या माणसाचा गुण वरच्या माणसाने कसा पाळायचा?

पहिले उत्तर आले ते पळून जाण्याचे. हे शब्दशः सांगतो आहोत. इ.स. ३६१-६२च्या सुमारास नाझियान्झसच्या ग्रेगरीला, हा वेगळा ग्रेगरी, आशिया मायनरमधला, त्याच्या बिशप असलेल्या वडिलांनी आग्रहाने दीक्षा दिली. तो घरातून निघून थेट पाँटस प्रांतात मित्राकडे गेला. काही महिन्यांनी परत आला आणि आपण का पळालो, का परतलो याचे मोठे निवेदन लिहिले. त्यात त्याने म्हटले की माणसांना वळण लावणे ही सर्व कलांहून अवघड कला आहे. ३९१ साली उत्तर आफ्रिकेत हिप्पो गावी ऑगस्टीन चर्चमध्ये गेला असता लोकांनी त्याला धरून पुढे ओढले आणि दीक्षा द्यायला लावली. तो रडू लागला. आजूबाजूच्या लोकांना वाटले, थेट बिशप केले नाही म्हणून रडतो आहे, आणि ते त्याची समजूत काढू लागले! लोक पदाकडे कसे बघतात आणि पद घेणारा कसा बघतो, यातले अंतर या एका प्रसंगात दिसते.

हळूहळू मात्र हे पळणे रीतच होऊन बसले. नको नको म्हणणे हाच लायकीचा पुरावा. आपल्यालाही हे अपरिचित नाही. सत्कार नको म्हणणारा माणूस शाल घेऊनच घरी जातो. इथे आपल्या ग्रेगरीची गोष्ट सुरू होते.

तो इ.स. ५४०च्या सुमारास रोममधल्या एका श्रीमंत सरदार घराण्यात जन्मला. तिशीच्या आसपास तो रोम शहराचा प्रीफेक्ट, म्हणजे मुख्य नागरी अधिकारी होता. मग त्याने ते सोडले, सीलियन टेकडीवरच्या आपल्या वाड्याचाच मठ केला, सिसिलीतल्या कौटुंबिक जमिनींवर सहा मठ वसवले आणि स्वतः साधा मठवासी झाला. पुढे आयुष्यभर तो या थोड्या वर्षांची आठवण काढत राहिला. पण त्याला तिथे राहू दिले गेले नाही. पोपने त्याला कॉन्स्टँटिनोपलला सम्राटाच्या दरबारी प्रतिनिधी म्हणून पाठवले. तिथे तो सुमारे सहा वर्षे होता.

५८९च्या अखेरीस टायबर नदीला प्रचंड पूर आला. धान्याची कोठारे बुडाली. पाठोपाठ प्लेगची साथ आली आणि ५९०च्या फेब्रुवारीत खुद्द पोप पेलागियस दुसरा त्या साथीत दगावला. लोकांनी एकमुखाने ग्रेगरीला निवडले. त्या काळी निवडीला सम्राटाची मान्यता लागे. ग्रेगरीने सम्राट मॉरिसला पत्र धाडले की कृपा करून मान्यता देऊ नका. शहराच्या प्रीफेक्टने ते पत्र वाटेतच अडवले आणि निवडीचे वृत्त तेवढे पुढे पाठवले. ३ सप्टेंबर ५९० रोजी ग्रेगरी पोप झाला.

रॅव्हेनाचा बिशप जॉन याने त्याला प्रेमाने दटावले की हे ओझे टाळायला का बघत होतास? त्याला उत्तर म्हणून ग्रेगरीने एक पुस्तक लिहिले, ‘रेग्युला पास्टोरालिस’. मराठीत ‘पाळकाची नियमावली’ म्हणू या. त्याचे चार भाग आहेत : पदावर कसे यावे, आल्यावर कसे जगावे, लोकांना कसे शिकवावे, आणि हे सगळे नीट जमू लागल्यावर स्वतःकडे कसे परतावे.

पहिल्याच भागात आपल्या श्रोत्याचा प्रश्न येतो. ग्रेगरी म्हणतो, वैद्यकी न शिकता औषध देणाऱ्याला लोक हसतात, पण माणसांच्या मनाची वैद्यकी करायला मात्र कोणीही सहज पुढे येतो. म्हणजे अपात्राने येऊ नये. इथवर सारे अपेक्षितच आहे. पण पुढे तो म्हणतो, ज्याच्याकडे खरोखर गुण आहेत आणि जो केवळ आपली शांतता मोडेल म्हणून नाकारतो, तोही दोषी आहे. त्याला शेजाऱ्यापेक्षा स्वतःचा निवांतपणा प्यारा आहे. बायबलातल्या दोन संदेष्ट्यांचा दाखला तो देतो. यशया म्हणाला, मला पाठव. यिर्मया म्हणाला, मला बोलता येत नाही. बाहेरून दोघे उलट वागले, पण मूळ एकच, असे ग्रेगरीचे म्हणणे. एकाला माणसांच्या उपयोगी पडायचे होते, दुसऱ्याला देवाच्या सान्निध्यात राहायचे होते. आणि यिर्मयाने शेवटपर्यंत हट्ट धरला नाही. यशयाही ओठ शुद्ध केले गेल्यानंतरच पुढे आला. तेव्हा पद घेणे वा नाकारणे यावरून नम्रता ठरत नाही. श्रोत्याच्या प्रश्नाला हे अर्धे उत्तर झाले. ती ठरते कशावरून?

दुसऱ्या भागात याचे उत्तर आहे आणि ते आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. ग्रेगरी सांगतो, अधिकाऱ्याला सर्वांत मोठा धोका हाताखालच्या लोकांच्या स्तुतीचा आहे. जे सांगू ते होते, चांगले केले तर वाहवा होते आणि चुकले तर कोणी बोलत नाही, कारण बोलायची सोय नसते. मग तो माणूस आपल्या आत पाहणे सोडतो आणि बाहेरच्या वाहवेवर स्वतःला मोजू लागतो. यावर उपाय म्हणून ग्रेगरी उपवास किंवा जपजाप्य सांगत नाही. हाताखालच्या माणसाने मोकळेपणी बोललेले ऐकून घ्या, असे तो सांगतो. दावीद राजाने आपल्याच प्रजाजनाचा ठपका ऐकला, पेत्राने पौलाचा ऐकला, असे दाखले तो देतो. त्याच वेळी तो हेही बजावतो की नम्रतेचा अतिरेक करून शिस्तच सोडली तर तो पाळक कामाचा नाही. कर्नेल्य पाया पडू लागला तेव्हा पेत्राने त्याला उठवले आणि आपणही माणूसच आहोत याची जाणीव करून दिली. पण हनन्या आणि सप्पीरा यांनी लबाडी केली तेव्हा त्याच पेत्राने अधिकार वापरला. चांगले वागणाऱ्यांशी बरोबरीने, वाईटाशी अधिकाराने.

चौथा भाग अगदी छोटा आहे, दीड-दोन पानांचा. त्यात तो म्हणतो की काम उत्तम झाले की त्यातूनच गर्व उगवतो, म्हणून अशा वेळी आपण काय केले ते न बघता काय राहून गेले ते बघावे. आणि शेवटी जॉनला कळवतो की मी कुरूप चित्रकार आहे, सुंदर माणसाचे चित्र काढून बसलो आहे. दुसऱ्यांना किनारा दाखवतो आहे आणि स्वतः अजून लाटांत आहे.

हे झाले पुस्तकातले. आता पत्रे उघडू या. कारण छान पुस्तक लिहिणे आणि छान वागणे यांत अंतर असते, हे आपण सगळे जाणतो.

रोमन चर्चच्या सिसिलीत मोठ्या जमिनी होत्या. तिथले धान्य जहाजांनी रोमला येई आणि त्यावर शहरातले गरीब, निर्वासित, मठवासिनी जगत. या जमिनींचा कारभार पेत्रुस नावाच्या उपदीक्षितावर सोपवलेला होता. ग्रेगरी त्याला थट्टेनेही लिहितो. एका पत्रात म्हणतो, तू एक वाईट घोडा आणि पाच चांगली गाढवे पाठवलीस. घोडा वाईट म्हणून त्यावर बसता येत नाही आणि गाढवे चांगली असली तरी ती गाढवे आहेत म्हणून बसता येत नाही! पण ५९१च्या मे महिन्यातले एक लांबलचक पत्र मात्र गंभीर आहे.

त्यात ग्रेगरीने मापाची गोष्ट काढली आहे. कुळांकडून धान्य घेताना ठरलेल्या मापापेक्षा मोठे माप वापरले जात होते. हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. घेण्याचे माप आणि देण्याचे माप वेगळे ही युक्ती आपल्या खेड्यांनीही पाहिली आहे. ग्रेगरी हुकूम देतो : अठरा सेक्स्टारियसहून मोठ्या मापाने धान्य घ्यायचे नाही. पीक मुबलक आले की कुळांकडून पडत्या भावाने खरेदी होते. ती बाजारभावानेच व्हावी. साऱ्याचा पहिला हप्ता पीक विकण्याआधीच भरावा लागत असल्यामुळे कुळे सावकाराकडे जातात; चर्चने ती रक्कम आपल्या पैशातून आगाऊ द्यावी आणि पुढे थोडी थोडी करून परत घ्यावी. लग्नाच्या वेळी कुळाकडून जी रक्कम घेतली जाते ती एका सोन्याच्या नाण्याहून जास्त नसावी.

आणि या सगळ्यानंतर एक सूचना येते, तीसाठी आम्ही हे पत्र आज मुद्दाम काढले. ग्रेगरी सांगतो की माझे हे लिहिणे सर्व शेतांवर कुळांना वाचून दाखव, म्हणजे जुलूम झाला तर कशाच्या आधारे स्वतःचा बचाव करायचा हे त्यांना कळेल. आणि त्यांच्या हातात ते लेखी राहू दे.

मित्रहो, याचा अर्थ लक्षात घ्या. जमिनीचा मालक आपल्या कुळांच्या हाती आपल्याच कारभाऱ्याविरुद्ध वापरता येईल असा कागद देतो आहे. आपण उद्या नसू, पेत्रुसच्या जागी दुसरा कोणी येईल, तरी कागद राहील. पुस्तकात त्याने लिहिले होते की हाताखालच्या माणसाला बोलू द्यावे. इथे तो त्या माणसाला बोलण्यासाठी साधन देतो. आमच्या मते ग्रेगरीची नम्रता जर कुठे सापडत असेल तर ती इथे आहे. ती त्याच्या मनाची अवस्था नाही, कारण हजारो मैलांवरून आणि चौदा शतकांवरून त्याच्या मनात आपल्याला शिरता येत नाही. ती त्याच्या कारभाराची रीत आहे. स्वतःला लहान म्हणवणे सोपे असते. आपल्या खालच्याला आपल्याकडे जाब मागता येईल अशी सोय करणे अवघड असते.

आणखी दोन प्रसंग. सार्डिनियातल्या कालियारीचा वृद्ध बिशप जानुआरियस याने एका रविवारी, मिस्साविधीला जाण्यापूर्वी, शेजाऱ्याच्या उभ्या पिकावर नांगर फिरवला आणि विधी आटोपून परत येऊन बांधाचे दगड उखडले. बातमी कळल्यावर ग्रेगरीने त्याला अतिशय कडक पत्र लिहिले. केवळ पिकल्या केसांमुळे तुला सोडतो आहे, असा त्याचा सूर आहे. दुसरा प्रसंग ५९८चा. पालेर्मोच्या बिशपाने ज्यूंची सभास्थाने बळकावून ती घाईघाईने चर्च म्हणून पवित्र करून टाकली. ज्यूंनी तक्रार केली. ग्रेगरीने निर्णय दिला की एकदा पवित्र केलेली वास्तू परत करता येत नसेल तर तिची किंमत मोजा, आणि पुस्तके व इतर वस्तू परत करा. म्हणजे तक्रार करणारा आपल्या धर्माचाही नव्हता, तरी त्याची दाद लागली.

याच्या जोडीला एक आख्यायिका आहे. ग्रेगरीनंतर पावणेतीनशे वर्षांनी त्याचे चरित्र लिहिणाऱ्या जॉन नावाच्या डीकनने ती दिली आहे. रोमच्या एका गल्लीत एक भिकारी मेलेला आढळला, तेव्हा जणू आपल्याच हाताने तो मारला गेला असे मानून ग्रेगरीने काही दिवस वेदीजवळ जाणे बंद केले. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण लोकांनी त्याच्याविषयी कोणती गोष्ट जपून ठेवली ते पाहा. चमत्काराची नव्हे, हिशेबाची गोष्ट जपली.

आता पदवीच्या भांडणाकडे येऊ. कॉन्स्टँटिनोपलचा कुलपती जॉन, ज्याला लोक ‘उपवासी जॉन’ म्हणत, तो ‘विश्वकुलपती’ अशा अर्थाची पदवी लावत असे. ग्रेगरीने ५९५ साली यावर जोरदार हरकत घेतली. सम्राट मॉरिसचे म्हणणे पडले की एका शब्दावरून एवढा गोंधळ कशाला? आधुनिक वाचकालाही तसेच वाटते. शिवाय ग्रीक भाषेत त्या पदवीचा अर्थ लॅटिन कानांना वाटला तेवढा भव्य नव्हताही. ग्रेगरीला रोमच्या गादीचा मोठेपणा नको होता असेही नाही. तो मोठेपणा त्याने नेटाने राखला. म्हणून कोणी म्हणेल, हा दोन गाद्यांमधला मानापमान होता, नम्रता वगैरे नंतर चिकटवलेली.

पण ५९८मधले एक पत्र या शंकेला उत्तर देते. अलेक्झांड्रियाचा कुलपती युलोजियस हा ग्रेगरीचा मित्र. त्याने ग्रेगरीला पत्र लिहिताना भक्तिभावाने ‘विश्वपोप’ असे संबोधले आणि ‘आपल्या आज्ञेप्रमाणे’ असेही शब्द घातले. ग्रेगरीने कळवले की हा आज्ञा शब्द माझ्या कानी पडू देऊ नका, मी आज्ञा केली नव्हती, हितकर वाटले ते सुचवले होते. आणि ती पदवीही मला नको, कारण मला वाजवीपेक्षा जास्त दिले की ते माझ्या भावांकडून काढून घेतलेले असते. म्हणजे जी पदवी दुसऱ्याने लावल्यावर त्याने आक्षेप घेतला, ती स्वतःकडे चालत आल्यावरही त्याने परत केली.

तो स्वतःला ‘देवाच्या दासांचा दास’ म्हणवत असे. अशा धर्तीचा शब्दप्रयोग ऑगस्टीननेही केला होता, पण ग्रेगरीमुळे तो रूढ झाला. पुढे तो पोपच्या अधिकृत पत्रांच्या मथळ्यावर कायमचा बसला. यात एक दुखरी गोष्ट आहे. मध्ययुगात राजांना पदच्युत करणाऱ्या, सैन्य पाठवणाऱ्या पोपांच्या फर्मानांवरही तोच मथळा आहे. शब्द नम्र राहिला आणि त्याखालचा मजकूर बदलत गेला. त्यामुळे कोण स्वतःला काय म्हणवतो यावरून आपण काहीच ठरवू नये.

आता ग्रेगरीच्या वहीतली दुसरी बाजू. ती न सांगता गेलो तर हे व्याख्यान म्हणजे आरती होईल, आणि त्याच्याच शिकवणीच्या विरुद्ध होईल.

सार्डिनियातली कुळे जुन्या देवांना भजत होती. त्यांच्याविषयी त्याने लिहिले की जो हट्ट सोडत नाही त्याच्यावर खंडाचा बोजा इतका वाढवा की तो आपोआप वळेल. सिसिलीतल्या कुळाला माप देणारा हाच माणूस. सर्व माणसे निसर्गतः समान आहेत असे तो शिकवत असे, काही गुलामांना त्याने मुक्तही केले. पण चर्चच्या जमिनींवर गुलाम राबत राहिले. आणि ६०२ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये फोकास नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने बंड करून सम्राट मॉरिसला आणि त्याच्या मुलांना ठार केले. या फोकासला ग्रेगरीने जे अभिनंदनाचे पत्र पाठवले ते वाचताना आजही मान खाली जाते. त्यात आनंद आहे, देवाचे आभार आहेत. रोमला सम्राटाचे संरक्षण हवे होते, लोंबार्ड टोळ्या दाराशी होत्या, ग्रेगरी स्वतः संधिवाताने अंथरुणाला खिळला होता, ही कारणे खरी आहेत. पण कारणे म्हणजे क्षमापत्र नव्हे. स्तुतीचा धोका ज्याने इतका नेमका ओळखला, त्याने एका खुन्याची स्तुती केली.

यातून आम्ही काय घेतो? त्याची नम्रता ढोंगी होती, असे नाही. सिसिलीच्या कुळांना त्याच्यापर्यंत पोहोचायला वाट होती, पालेर्मोच्या ज्यूंनाही होती. सार्डिनियाच्या कुळांना नव्हती. ती वाट त्याने त्यांना ठेवलीच नाही. जिथे खालून आवाज येऊ शकत होता तिथे तो बरोबर वागला, जिथे येऊ शकत नव्हता तिथे चुकला. चांगल्या माणसाच्या चांगुलपणालाही ऐकू येण्याची गरज असते.

इथे आम्हाला स्वतःविषयी थोडे सांगावे लागेल. दुसऱ्याचा हिशेब काढून आपला झाकून ठेवणे बरे नव्हे. फार वर्षांपूर्वी आम्ही एका महाविद्यालयात विभागप्रमुख होतो. विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारा एक तरुण होता. त्याची बिले कित्येक महिने अडकली होती. तो आमच्याकडे आला. आम्ही त्याला चहा दिला आणि म्हणालो, ‘‘अहो, आम्ही कोण? आम्ही लहान माणसं. वरचे लोक ठरवतात.’’ त्या वेळी आम्हाला हे फार नम्र वाटले होते. खुर्चीचा तोरा दाखवला नाही, बरोबरीने बसून बोललो. तो सत्र संपायच्या आत नोकरी सोडून गेला. पुढे फायली चाळताना लक्षात आले की विभागप्रमुखाचा शेरा गेला असता तर ती बिले निघाली असती. तो शेरा लिहिण्याचा अधिकार आम्हाला होता. आम्ही तो वापरला नाही आणि त्याला नम्रता हे नाव दिले.

ग्रेगरीच्या पहिल्या भागातला, आपला निवांतपणा जपणारा माणूस तो हाच. तेव्हा आम्ही ते पुस्तक वर्गात शिकवतही होतो!

तर आपल्या श्रोत्याच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर. पद घ्यावे की नाकारावे याचा निर्णय एकदाच, शपथेच्या दिवशी होत नाही. घेतले असेल तर रोज विचारायचे : माझ्या खालच्या कोणत्या माणसाला माझ्याविरुद्ध बोलायला आज वाट आहे? कोणाला नाही? आणि माझ्या हातात असलेले एखादे काम मी ‘आम्ही कोण’ म्हणून टाळतो आहे का? चर्चमधल्या पाळकाला हे प्रश्न लागू आहेत, मठाधिपतीला आहेत, शाळेच्या मुख्याध्यापकाला आणि गृहनिर्माण सोसायटीच्या अध्यक्षालाही आहेत. धर्मनेत्याच्या बाबतीत ते जास्त कठीण होतात, कारण त्याच्यासमोर माणसे आपली लाज, आपले पाप, आपली भीती उघडी करतात. मापातली लबाडी धान्यात पकडता येते. विश्वासातली पकडायला फार उशीर होतो. गेल्या काही दशकांत निरनिराळ्या देशांतल्या चर्चमध्ये जे अत्याचार उघडकीला आले, त्यांत पीडितांनी पहिल्यांदा सांगितले तेव्हा बऱ्याच ठिकाणी त्यांना गप्प बसवले गेले. संस्थेची अब्रू राखणे हीच जबाबदारी समजली गेली. तिथे नम्र शब्दांची कमतरता नव्हती. कमतरता होती ती त्या लेकरांच्या हाती कागद देणाऱ्याची.

ग्रेगरी १२ मार्च ६०४ रोजी वारला. त्याचे पुस्तक मात्र पुढे चालत राहिले. त्याच्या हयातीतच त्याचा ग्रीक अनुवाद झाला. नवव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडचा राजा आल्फ्रेड याने ते जुन्या इंग्रजीत आणवले आणि आपल्या बिशपांकडे प्रती पाठवल्या. एका राजाला ते पुस्तक राज्यकारभारासाठीही उपयोगाचे वाटले, यात नवल नाही.

आणि सिसिलीतली ती कुळे? त्यांची नावे कुठेच नाहीत. पण कधीतरी ५९१ सालच्या उन्हाळ्यात, कुठल्याशा शेतावर, कोणीतरी ते पत्र मोठ्याने वाचले असेल, आणि एखाद्या शेतकऱ्याने मनात अठरा हा आकडा घोकला असेल. पुढच्या सुगीला कारभाऱ्याने मोठे माप काढले तेव्हा तो म्हणू शकला असेल, थांबा. ते एक ‘थांबा’ शक्य करणे, एवढेच नेत्याच्या नम्रतेचे काम आहे असे आम्हाला वाटते.

वेळ झाली. आपलेही प्रश्न जरूर पाठवा, आणि आमचे कुठे चुकले असेल तर तेही.